एका दुकानातले दोन डबे

माझा काका शिंपी. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि वाद घालण्यातही नव्हता. बाबा कापड कापायचे, तो शिवायचा. बाबांपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण दुकानात आवाज त्याचाच. त्याने लग्न केलं नाही. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा. बावीस वर्षं दोघं भाऊ दुपारी दीड वाजता टेबलावरचं कापड बाजूला सारून एकाच डब्यातलं जेवले. डबा आई द्यायची.

आजोबा बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, मशीनवर बसल्या बसल्या. त्यामुळे बाबांनी पन्नाशी गाठली तेव्हा आईने दोघांना अक्षरशः ओढत डॉक्टरांकडे नेलं. दोघांचं रक्त जवळपास सारखंच निघालं. कोलेस्टेरॉल जास्त, रक्तदाब चढलेला, वजन नव्वदीच्या पुढे. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पंधरा किलो उतरवायला सांगितलं. ते कसे उतरवायचे, हे विचारायचं राहून गेलं.

बाबांनी दवाखान्यातलं एक पत्रक घरी आणलं. तेल-लोणी अगदी थोडं, अंड्यातला बलक नको, मांस नको; भात, भाज्या, फळं चालतील. काकाला एका गिऱ्हाइकाने पुस्तक दिलं. त्यात नेमकं उलटं. पाव, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, चीज खुशाल खा. आई दोन डबे भरायला लागली. ती म्हणायची, एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं विष, मी बापडी काय करू.

सुरुवातीला गंमत होती. काका बाबांच्या डब्याला चारा म्हणायचा. बाबा म्हणायचे, तू लोण्यात पोहतोस, एक दिवस बुडशील. ट्रायलला आलेल्या माणसालाही सुटका नसायची. अर्ध्या शिवलेल्या कोटात हात वर करून उभा असलेला गृहस्थ बिचारा दोघांचं ऐकून घ्यायचा आणि कोणाचीच बाजू न घेता निघून जायचा.

चार महिन्यांत काकाचं वजन अकरा किलोंनी उतरलं, बाबांचं पाचच. काकाला आकाश ठेंगणं झालं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पँटचा कमरेपाशी सैल झालेला घोळ दाखवायचा. बाबा हसणं सोडून गप्प बसायला लागले. पुढे ते एक वाजता जेवायला लागले आणि काका दोनला. एकाच दुकानात, एकाच टेबलावर, एक जेवत असताना दुसरा त्याच्याकडे पाठ करून.

वर्षभराने मात्र दोघंही सारख्याच जागी आले. काकाचं थोडं वजन परत चढलं, बाबांचं हळूहळू उतरत गेलं. तपासणीत बाबांचं कोलेस्टेरॉल काकापेक्षा बरंच कमी निघालं. बाबांनी तो कागद दुकानात आणला आणि काकाच्या मशीनवर ठेवला. मी तेव्हा तिथेच बटणं लावत होते.

काकाने कागद वाचला आणि म्हणाला, "दादा, हे गोळीने उतरलंय. तुझ्या चाऱ्याने काय उतरवलं ते गोळी सोडून दाखव. मग मानतो."

"तूही गोळी घेतोसच की."

"मी कुठे म्हणतोय मी जिंकलो? तू कागद आणलास."

बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. बोलणं तिथेच संपलं. मला तर ते रोजच्यासारखंच वाटलं, आणि काका संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला.

सात महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, बाबा अस्तर कापता कापता खाली बसले. काकाला म्हणाले, छातीवर कोणीतरी गुडघा ठेवल्यासारखं वाटतंय. काकाने त्यांना पाठीवर घेऊन रस्ता ओलांडला, गाडी थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबा गेले होते. त्यांना एक्कावन्न संपून बावन्नावं लागलं होतं.

दोन आठवड्यांनी दुकान उघडलं तेव्हा काकाला बाबांच्या टेबलाच्या खणात, खडूच्या डब्यांमागे, गोळ्यांची पाकिटं सापडली. सात महिन्यांची. एकही फोडलेलं नव्हतं.

काका ती लपवू शकला असता. त्या खणात दुसरं कोणी हात घालत नव्हतं. तो दुकान बंद करून भरदुपारी घरी आला, पाकिटं आईसमोर ठेवली आणि त्या दिवशी आपण काय बोललो होतो ते शब्दन् शब्द सांगितलं. आईने एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग तिने विचारलं, "भाऊजी, तुम्ही तुमच्या घेत होतात?"

"घेत होतो, वहिनी."

ती उठून आत गेली.

काका डॉक्टरांकडेही गेला, मला बरोबर घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या सोडल्या म्हणूनच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, घराण्यातच आहे. पण सोडायला नको होत्या. आणि खाण्याचं म्हणाल तर तुमचंही चुकीचं नव्हतं, त्यांचंही नव्हतं. ज्याला जे निभतं ते त्याने करावं. काकाने विचारलं, "मग आम्ही भांडलो कशावरून?"

आई त्यानंतर दीड वर्ष काकाशी बोलली नाही. त्याचं जेवण मात्र कधी चुकलं नाही. ती ताट वाढून ठेवायची, तो खाली यायचा, पानात पडेल ते खायचा. भात असेल तर भात, अंडं असेल तर अंडं. ताट स्वतः घासून ठेवायचा. वरच्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरच्या त्याच्या पावलांवरून मला कळायचं, आज थकलाय की बरा आहे.

कापायला आता कोणी नसल्याने कोट घेणं त्याने बंद केलं. फक्त दुरुस्तीची कामं करतो. एवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने कंबर वाढल्याची तक्रार करत विचारलं, तुम्ही दोघं भाऊ काहीतरी करत होतात ना, त्यातलं चांगलं कोणतं? काका पूर्वी या प्रश्नावर तासभर बोलला असता. त्याने पँट हातात घेतली, उलटी करून शिवण पाहिली आणि म्हणाला, "दीड इंच वाढवता येईल. त्याहून जास्त कापड आत नाही."