मी घरच्या कम्प्युटरला फाइव्ह एस लावतो

आमच्या घरच्या कम्प्युटरला आजवर व्हायरस लागलेला नाही. मी घरात असल्यामुळे त्याची कधी गरजच पडली नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि आमच्या शॉपवर फाइव्ह एस माझ्याकडे आहे. फाइव्ह एस म्हणजे थोडक्यात, हवं ते जागेवर ठेवा, नको ते काढा. ज्या वस्तूला वाली नाही तिला लाल टॅग लावायचा आणि वस्तू बाहेर! (यात मला ट्रॉफी मिळाली आहे. ती घरी आणली तेव्हा माझ्या बायकोने, सुरेखाने, पहिला लाल टॅग तिलाच लावायला सांगितला होता.)

सुरेखा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघते. ती नोकरी सांभाळून, पोळ्या लाटताना मोबाइलवर लेक्चर ऐकून, तिने डेटा ॲनालिसिसचा कोर्स पुरा केला. त्या गुरुवारी चार वाजता हिंजवडीच्या एका कंपनीत तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर चालवून दाखवायचं होतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. म्हणजे दुर्दैवाने मीही घरी.

"कम्प्युटर फार रडतोय गं," मी म्हणालो. "जरा साफ करू का?"

"अहो, आज हात लावू नका!" असं बजावून ती इस्त्रीचा ड्रेस आणायला खाली गेली.

मी हात लावला नाही. फक्त माऊस लावला. डेस्कटॉपवर त्याच सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचं चित्र दिसलं, ते उडवलं आणि सुरेखा दारात येताच जाहीर केलं, "तुझं जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं!"

तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि हसत सुटली. "अहो, हा नुसता आयकॉन! दिसायला असतो तेवढा. तो काढला काय, ठेवला काय, कशाचंच अडत नाही."

आईही हसली. (तिला आयकॉन म्हणजे काय ते माहीत नाही, पण सुनेच्या बाजूने हसायला ती कधी चुकत नाही.) ट्रॉफीवाल्या माणसाचा हा अपमान! सुरेखा केस धुवायला गेली आणि मी फोल्डरच्या आत फोल्डर उघडत थेट मुळाशी पोचलो. तिथे ढीगभर बारकी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, पडलेली, आणि नावं अशी की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं. ही सगळी जुन्या आवृत्तीचीच, असं मी ठरवलं. रिसायकल बिनमध्ये टाकणं म्हणजे कचरा घरातच ठेवणं, म्हणून एकदम कायमची उडवली.

"काय करायलास रे?" आईने विचारलं.

"घाण काढतोय."

"तिला इचारलास का?"

"विचारायचं काय त्यात?"

सुरेखाने ओल्या केसांनीच सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीन लालेलाल! मी लावले नसते एवढे टॅग त्याने स्वतःच लावून घेतले होते.

"अहो... माझी पॅकेजं कुठायत?"

"ती? त्यांना कोणी वाली नव्हता!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळेच भरून आले. घड्याळात तीन वाजत होते.

मग तिने डोळे पुसले आणि एकेक पॅकेज नेटवरून परत टाकायला घेतलं. लग्नाला मामाला बोलवावं आणि मामाने "माझा मेहुणा असेल तर येतो" म्हणावं, तसं एकेकाचं सुरू झालं. त्यातल्या एका चिमुकल्या पॅकेजवाचून बाकीचं वऱ्हाड गाडीतून उतरायला तयार नव्हतं, आणि ते तर मी सर्वांत आधी उडवलं होतं! ते कसंबसं सापडलं, पट्टी हिरवी होत आली, आणि वीज गेली.

"यूपीएस?" सुरेखाने विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आईने देवाकडे पाहिलं. यूपीएसला मी गेल्याच गुरुवारी लाल टॅग लावून भंगारवाल्याला दिला होता.

वीज आली तेव्हा चाराला थोडाच वेळ उरला होता, आणि वायफाय काही परत आलं नाही. मी मोबाइलचं हॉटस्पॉट लावून, रेंजसाठी खिडकीबाहेर हात काढून पुतळ्यासारखा उभा राहिलो. पॅकेजं उतरली आणि लगेच इंटरव्ह्यूची घंटी वाजली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "अलीकडे आलेली एखादी तांत्रिक अडचण सांगा." सुरेखा दहा मिनिटं न थांबता बोलली! कोणतं पॅकेज कोणावर अवलंबून, काय आधी टाकायचं, काय नंतर, सगळं तोंडपाठ. पुढच्या आठवड्यात नोकरीचं पत्र आलं.

"बघितलंस?" मी पेढा तोंडात टाकत म्हणालो. "मी ती पॅकेजं उडवली नसती तर तू बोलली काय असतीस? म्हणजे या घरातलं ते चिमुकलं पॅकेज, ज्याच्यावाचून सगळं अडतं, ते मीच की नाही?"

"ते पॅकेज म्हणजे आई," सुरेखा म्हणाली. आईने मान डोलावली.

"मग मी कोण?"

"तुम्ही आयकॉन."