जीपला ग्रीस

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात चालेना आणि आमची जुनी जीप वर्षभर अंगणातच उभी राहिली. गेल्या रविवारी ग्रीसची गन घेऊन मीच तिच्याखाली शिरले. हे स्टुलावर बसून सांगत होते, "स्टिअरिंगच्या सांध्यावर छोटं निपल असेल बघ, ग्रीस आत जायचं तोंड. आधी ते पूस, मग गन दाब."

मी दाबत राहिले. आधी काळं, घट्ट झालेलं ग्रीस बाहेर आलं, मग नवं, पिवळसर. माणसाच्या सांध्यांचंही इतकं सोपं असतं तर, असं मनात आलं.

बाहेर आले तर हे आधाराशिवाय जीपमध्ये चढून बसलेले. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी स्टिअरिंगवर ठेवला आणि हळूच फिरवलं.

"हलकं झालंय गं!"

मी मात्र त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्याची बोटं स्टिअरिंगभोवती आपणहून मिटली होती.