तोतुया आजीचं मयत

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गावाच्या तोतुया आजीने, आपलं मयत आठ वर्षं जपून ठेवलं होतं. आम्हा किरगिझांत म्हातारी माणसं ठेवतातच तशी तयारी, पण तोतुया आजीसारखी कुणाची नाही. पेटीत अंगावर गुंडाळायचं पांढरं कापड, रडायला येणाऱ्या बायकांना वाटायचे रुमाल, आणि गोठ्यात बदामी घोडी. ती मयताच्या जेवणासाठी कापायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही, तिला गाडीला जुंपायचं नाही, गवत मात्र मी कापून घालायचं! वैतागून मी म्हणायचे, "अहो आई, एक तर मरा, नाही तर ही घोडी विका."

"मरते गं मीरगुल. तुला कसली एवढी घाई?"

गावात कुणी गेलं की मयतासाठी उभारलेल्या तंबूत बसून रडगाणं म्हणायला यांनाच बोलावणं यायचं. चार ओळींत मेलेल्याचा सगळा जन्म उभा करायच्या. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी म्हटलेलं मला अजून पाठ आहे. भांडण आमचं रोजचं, पण त्या चार ओळींसाठी मी त्यांना सगळं माफ केलंय.

मग आमच्या कोक-सायवर संक्रांत आली. ही नदी वरच्या खिंडीतून उतरते, तिचे पाट गावभर फिरतात. बटाटा, जर्दाळू, मेंढ्या, सकाळचा चहा, सगळं तिच्या जिवावर. वीज काढणाऱ्या एका कंपनीने ठरवलं, नदी खिंडीतच पाइपात घालायची आणि गावाच्या खाली सोडायची. "पाणी परत देणार आहोत ना," म्हणे. कुणाला? खालच्या दगडांना? आम्ही अर्ज केले, कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी निरोप आला, गुरुवारी खोदायचं मशीन येतंय.

बुधवारी अंगणात सगळा गाव जमला. माझा नवरा कुबात म्हणाला, "आता हात टेकले आपण." एक बाई सासूबाईंना म्हणाली, "आजी, निदान नदीसाठी एक रडगाणं तरी म्हणा."

सासूबाई कडाडल्या, "जिवंत आहे ती! जित्याला रडायला सांगतेस? जीभ झडेल माझी!" मग कुबातकडे वळल्या. "ऊठ. खिंडीच्या तोंडाशी, रस्त्यावरच, मयताचा तंबू उभा कर. घोडी काप."

"मयत कुणाचं, आई?"

"माझं."

माझं डोकंच फिरलं. आठ वर्षं माझे हात गवताने सोलवटले ते यासाठी? "आणि खरोखर गेलात तर काय करू मी? काय वाढू लोकांना?"

"वाढायचं राहू दे. मला आंघोळ कशाने घालशील ते सांग. पाइपाला भोक पाडणार आहेस?"

मी सुरी आणून दिली आणि घोडीकडे पाठ करून उभी राहिले. हो, रडले. त्या घोडीसाठीच रडले.

गुरुवारी सकाळी मशीन घरघरत वर आलं. रस्ता अडवून लोकरीच्या नमद्याचा तंबू, बाहेर काठ्यांवर रेलून पुरुष रडतायत. मयत दिसलं की आमच्यात कुणी न रडता तसाच पुढे जात नाही. मशीनवाला ओमुर शेजारच्या खोऱ्यातला, चांगल्या घरचा. त्याने मशीन बंद केलं, खाली उडी टाकली आणि "आई गं माझे, कुठे गेलीस गं!" असा टाहो फोडत धावत तंबूत शिरला.

आत मयत चहा पीत बसलं होतं.

"ये बाळा," सासूबाई म्हणाल्या. "छान रडलास. बस, जेवून घे."

बिचारा! मी पुढ्यात घोडीचं मटण ठेवलं, तो मटणाकडे बघतोय, सासूबाईंकडे बघतोय. पण मयताचं वाढलेलं ताट कोण नाकारणार? जेवला. आणि जिथलं मयताचं जेवला, तिथे मशीन कसं चालवणार?

मागून जीपमधून साहेब आला. आत चहा पिणाऱ्या सासूबाई दिसताच गाडीतूनच ओरडला, "बाजूला करा तो तंबू! म्हातारी धडधडीत जिवंत आहे!"

सासूबाई बाहेर आल्या. "मी मेले नाही ही तक्रार आहे का तुझी? घाल पाइप, लगेच मरते. किरगिझच आहेस ना रे? मग रडल्याशिवाय पुढे कसा जातोस? का रडणंही कंपनीला विचारून?"

साहेबाने ओमुरला हुकूम सोडला. ओमुर तोंड पुसत म्हणाला, "साहेब, मयतावर मशीन घातलं तर उद्या माझ्या आईला रडायला कोण येईल? चावी घ्या, तुम्हीच चालवा."

साहेबाने चावी घेतली नाही.

तीन दिवस तंबू राहिला. बातमी खोऱ्याखोऱ्यांत गेली, आणि मयताला येणाऱ्याला तर कुणी अडवत नाही. रस्ता माणसांनी भरून गेला. रविवारी मशीन आलं तसं खाली गेलं. सासूबाईंनी सगळे रुमाल वाटले. पांढरं कापडसुद्धा फाडून दिलं, तंबू बांधायला दोऱ्या कमी पडत होत्या म्हणून.

वसंतात ते पुन्हा आले. या वेळी दोन मशीनं, मागे पोलिसांची गाडी. घरघर ऐकून सासूबाईंनी पेटी उघडली, रिकाम्या पेटीत बघत राहिल्या. मला ते बघवेना.

मी आतून माझी पेटी ओढत आणली. लग्नातल्या शाली, माझ्या आईने भरलेले रुमाल, एकदाही न वापरलेले. कुबातला म्हटलं, "जेवणाला माझी लाल गाय सोड. तंबू उभा कर. या वेळी मयत माझं."

"तुझं?" सासूबाई खेकसल्या. "पन्नाशी तरी गाठलीस का?"

"नाही गाठली. पण मी गेले तर रडायला तुम्ही आहात ना?"

"मी जित्यांना रडत नाही," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देत उठल्या. "चल, तंबूच्या वाशाचं ते टोक धर. आणि रुमाल सगळे वाटू नकोस, या वर्षी पुन्हा येतील मेले."