कॉपर लँटर्नचा कोल्हारवाला

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला फैयाज अत्तार यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उसाचा पट्टा असल्यानं विहिरीवरच्या मोटारी जळायला काळवेळ नसते. दुकानासमोर त्या कायम ओळीनं पडलेल्या असतात आणि फैयाजभाई चष्मा नाकावर घेऊन आत तांब्याची तार गुंडाळत असतात. नवख्या गिऱ्हाइकाला मात्र मोटारींपेक्षा आतून येणाऱ्या आवाजाचं कोडं पडायचं. इंग्रजी गाणी, तीही कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात ते कळू नये अशी.

"भाई, ह्ये गाणं हाय का मोटारीचं बेअरिंग गेलंय?" असं कुणीतरी विचारायचंच. फैयाजभाई हसायचे. ही चेष्टा त्यांना आवडायची, कारण त्यानंतर सांगायला मिळायचं.

सांगायचं ते असं. कॉपर लँटर्न हा पुण्याच्या चार पोरांचा बँड होता. ऑर्गन, गिटार, ड्रम आणि गाणारा डेरिक लोबो. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मधेच ठेका बदलणारं, मधेच सगळं थांबून नुसता ऑर्गन वाहत राहणारं. फैयाजभाई नगरला कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या खोलीत देवळाली प्रवऱ्याचा कल्याण नावाचा मुलगा राहायचा. त्यानं कुठूनतरी यांची कॅसेट आणली. इंग्रजी दोघांचंही बेताचंच. पण 'सॉल्ट फेरी' नावाचं एक भलंमोठं गाणं त्या दोघांनी इतक्यांदा ऐकलं की शब्द न कळता पाठ झाले. त्या गाण्याला ते आपसांत 'लांबडं' म्हणायचे.

मग पुण्याला कार्यक्रम आहे असं कळलं. एसटीत उभं राहून दोघं गेले. कॅसेटमधलं लांबडं आणि समोर वाजणारं लांबडं ही दोन वेगळी माणसं आहेत हे त्या संध्याकाळी फैयाजभाईंना कळलं. तिथून त्यांना नाद लागला. पुणे, मुंबई, नाशिक, जिथं जमेल तिथं दोघं जायचे. प्रत्येक ठिकाणी गाणं निराळं व्हायचं. नाशिकला मधेच लाईट गेली, ऑर्गन बंद, माईक बंद. ड्रमवाला नोशिर एकटा अंधारात वाजवत राहिला आणि लाईट येईपर्यंत माणसं जागची हलली नाहीत. लाईट आली ती नेमकी ठेक्यावर, आणि डेरिकनं तिथूनच गाणं उचललं. हे सांगताना फैयाजभाईंच्या हातावर अजून काटा यायचा.

लांबड्याच्या शेवटी डेरिक एक वरचा सूर धरायचा. इतका वेळ धरायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडायचा, आणि मग पायऱ्या उतरल्यासारखा हळूहळू खाली यायचा. "तो सूर ऐकला की माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं," हे वाक्य त्यांनी बायकोला, मुमताजला, लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं आणि नंतरही सांगतच राहिले. मुमताजनं तो बँड कधी पाहिला नव्हता. पुढं बँडच मोडला. डेरिक पोरांना गिटार शिकवायला लागला, बाकीचे ज्याच्या-त्याच्या उद्योगाला लागले. फैयाजभाईंची मुलगी मेहरीन मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि दुकानातलं लांबडं चालूच राहिलं.

मोबाईल आल्यावर जुने चाहते एकमेकांना सापडले. व्हॉट्सअॅपवर गट झाला. नोशिरही त्यात होता. बाकीचे इंग्रजीत लिहायचे, फैयाजभाई बोलून निरोप पाठवायचे. "डेरिकसाहेबांना सांगा, एकदा. फक्त एकदा उभे राहा. आमी म्हातारे व्हायच्या आत. तो सूर पुन्हा ऐकल्याशिवाय आमाला चैन न्हाई." आठवड्याला एक तरी असा निरोप जायचा. दोन वर्षं त्यांनी हा लकडा लावला, आणि खरंच एक दिवस बातमी आली. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी दोन दिवसांचा संगीत मेळा होता. त्यात पहिल्या संध्याकाळी कॉपर लँटर्न.

फैयाजभाईंनी पेढे वाटले. मुमताजला म्हणाले, "आता तुला दाखवतो." कल्याणला देवळालीहून बरोबर घेतलं आणि आपल्या जुन्या व्हॅनमधून तिघं संगमनेर, अकोले करत धरणाकाठच्या शेंडी गावात पोचले. पाण्याकाठी तंबू ठोकलेले होते. फेब्रुवारीचा गारवा होता. केस पिकलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कुणी विचारलं की फैयाजभाई छाती पुढं काढून म्हणत, "कोल्हारहून आलो. त्यांना बोलावण्यात आमचाबी हात हाय."

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा ते चौघं मंचावर आले. डेरिक काठी टेकत आला आणि उंच स्टुलावर बसला. पहिली दोन गाणी बरी गेली. आवाज खाली आला होता, पण माणसं खूश होती. मग ऑर्गनवर लांबड्याची सुरुवात झाली आणि फैयाजभाईंनी मुमताजचा हात दाबला. "हे बघ. हेच."

मधल्या भागात डेरिक शब्द विसरला. हसला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा विसरला. पुढं उभी असलेली काही तरुण पोरं मोबाईलवर चित्रण करत खिदळायला लागली. तरी बँडनं सांभाळून घेतलं. शेवटचा सूर आला. डेरिकनं डोळे मिटले, मान वर केली, आणि सूर लागता लागता फुटला. फाटका, घोगरा आवाज निघाला आणि मधेच तुटला. त्यानं पुन्हा धरायला घेतला. पुन्हा तुटला.

मुमताजनं हळूच विचारलं, "मेहरीनचे अब्बा, हाच का तो सूर?"

तिनं साधेपणानं विचारलं होतं. पण फैयाजभाईंना वाटलं, तीस वर्षं आपण घरात, दुकानात, गावात ज्याच्या गोष्टी सांगितल्या ते सगळं हिच्यासमोर उघडं पडलं. डेरिक तिसऱ्यांदा सूर धरायला मान वर करत होता आणि फैयाजभाईंच्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, सगळ्या पाण्याकाठावर ऐकू जाईल असं:

"जमत न्हाई तर चढलात कशाला? उतरा खाली!"

ऑर्गन थांबला. डेरिकनं दिव्यांच्या उजेडातून डोळ्यांवर हात धरून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माईक स्टँडला लावला, "माफ करा" म्हणाला, काठी घेतली आणि मंचावरून उतरला. उतरताना कुणीतरी त्याचा दंड धरला होता. उरलेल्या तिघांनी सुराविना गाणं संपवलं. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या थांबता थांबेनात. त्या टाळ्या डेरिकसाठी होत्या आणि आपल्याविरुद्ध होत्या, हे फैयाजभाईंना कळत होतं. आजूबाजूच्या माणसांनी त्यांच्याभोवती जागा सोडली होती. कल्याण त्यांच्याकडं न पाहता म्हणाला, "काय केलंस हे, फैयाज," आणि गर्दीत निघून गेला.

सकाळी उठून पाहतात तो कल्याणची पिशवी नव्हती. तो शेंडीहून पहिल्या एसटीनं गेला होता.

फैयाजभाई आणि मुमताज चहाच्या टपरीवर उभे होते. मान खाली घालून चहा संपवायचा आणि निघायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात नोशिर येऊन शेजारी उभा राहिला. चाळीस वर्षं ड्रम वाजवून त्याचे कान गेले होते, तो मोठ्यानं बोलायचा. निरोपांतला आणि कालचा आवाज हाच, हे त्याला ओळखू येणं शक्य नव्हतं.

"तुम्ही कुठले?" त्यानं विचारलं.

"नगरकडचे," फैयाजभाई म्हणाले.

"कोल्हारचा एक जण आहे आमच्या गटात. अत्तार म्हणून. आलाय म्हणे. तुम्ही ओळखता का?" नोशिर म्हणाला. "मला त्याला भेटायचंय. डेरिक यायला तयार नव्हता हो. घसा राहिला नाही म्हणायचा. त्या माणसाचे निरोप ऐकून ऐकून तयार झाला. कालचं त्या बिचाऱ्यालाही वाईट वाटलं असेल."

मुमताज हातात ग्लास धरून नवऱ्याकडं पाहत होती.

"न्हाई," फैयाजभाई म्हणाले. "न्हाई ओळखत."

नोशिरनं मान हलवली, चहा घेतला आणि गेला.

दोघं व्हॅनमध्ये बसले. रंधा धबधब्याचा फाटा गेला, वळणं गेली. राजूरच्या बाजारपेठेत गाडी हळू झाली तेव्हा मुमताज म्हणाली, "थांबवा."

फैयाजभाईंनी गाडी बाजूला घेतली.

"काल तुमी वरडलात ते रागात," ती म्हणाली. "रागात माणूस काय बी बोलतो. मी काल रडले, पण गप बसले. पण आज त्या माणसाला तुमी न्हाई म्हणालात ते चहा पिता पिता. थंड डोक्यानं. मला त्याची लाज वाटतीय."

फैयाजभाईंचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. बाजारात माणसं पिशव्या घेऊन चालली होती. त्यातल्या कुणालाही काही ठाऊक नव्हतं, तरी प्रत्येकजण आपल्याकडंच बघतोय असं त्यांना वाटत होतं. थोड्या वेळानं त्यांनी गाडी वळवली.

डेरिक पाण्याकाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. गळ्याला मफलर, मांडीवर सोललेलं संत्रं. फैयाजभाई त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर या माणसाला जवळून बघायची इच्छा होती, आणि आता मान वर होईना.

"साहेब, मी अत्तार. कोल्हारचा," ते म्हणाले. "निरोप पाठवायचो तो मी. आन् काल... काल वरडलो तोबी मीच."

"ठाऊक आहे," डेरिक म्हणाला.

फैयाजभाईंनी मान वर केली.

"तुमचा आवाज रोज ऐकत होतो मी," डेरिक म्हणाला. "सकाळी गायला बसायचो. सूर लागायचा नाही, कंटाळून उठायचो. मग नोशिरनं पाठवलेला तुमचा निरोप लावायचो आणि परत बसायचो. असा आवाज विसरेन का? काल ऐकला तेव्हाच कळलं, हा तर कोल्हारवाला. तुम्ही बोलावलंत म्हणून चढलो होतो. तुम्ही उतरा म्हणालात, म्हटलं, मग उतरावं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं फैयाजभाईंना वाटलं. ते खाली वाळूत बसले आणि त्यांना रडू आलं. साठीच्या घरातला माणूस, सगळ्या तंबूंसमोर. डेरिकनं त्यांना रडू दिलं.

"आज परत गा, साहेब," ते कसेबसे म्हणाले. "मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

"नाही," डेरिक म्हणाला. "ते आता नाही व्हायचं. काल मी तिसऱ्यांदा धरणार होतो, तो सूर माझा मलाच शेवटपर्यंत न्यायचा होता. ते राहिलं. राहू दे."

मग त्याचं लक्ष मागं उभ्या असलेल्या मुमताजकडं गेलं. "बाई, तुम्ही पहिल्यांदाच आला होतात? कसं वाटलं?"

"मला तर लई आवडलं," मुमताज म्हणाली. "माझ्या अंगावर काटा आला. चुकलं हे मला कुठं म्हायती? हे वरडले तवा मला कळलं."

डेरिक हसला. त्यानं संत्र्याच्या दोन फोडी तिच्या हातावर ठेवल्या आणि शेजारची खुर्ची पुढं केली. ती बसली. ते दोघं बराच वेळ बोलत होते, मेहरीनबद्दल, पुण्यातल्या त्याच्या शिकवण्यांबद्दल. फैयाजभाई वाळूतच बसून राहिले. त्यांना कुणी उठा म्हणालं नाही आणि बसाही म्हणालं नाही.

घरी आल्यावर त्यांनी गटावर निरोप पाठवला. ओरडलेला माणूस मी, आणि नोशिरसाहेबांशी खोटं बोललो तोही मी, एवढंच बोलले. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी गट सोडला. एका बाईनं लिहिलं की तुमच्यामुळं आमचं शेवटचं गाणं गेलं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं. डेरिक लोबो त्यानंतर कुठंही गायला नाही. कल्याणनं पावसाळा संपेपर्यंत फोन उचलला नाही. दिवाळीच्या सुमारास तो जळकी मोटार घेऊन दुकानात आला, चहा प्याला, कांद्याबद्दल बोलला आणि गेला. भंडारदऱ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला.

मुमताज मात्र भाकरी थापताना कधीकधी लांबडं गुणगुणते. शब्द तिला येत नाहीत, नुसती चाल. तिनं ते गाणं समोर एकदाच ऐकलंय, म्हणून तिला ते तसंच येतं. शेवटच्या सुराशी आली की ती आवाज वर नेते, तो फुटल्यासारखा करते आणि मधेच तोडते. मग पुन्हा धरते, पुन्हा तोडते. तिच्या लेखी गाणं तिथंच संपतं. फैयाजभाई ओट्याशेजारी जेवत असतात. त्या जागेला त्यांचा घास हातात थांबतो. भाकरी तव्यावर पडल्यावर ते खाली मान घालून पुन्हा जेवायला लागतात.