उजव्या पायाचा अंगठा

“या बोटाला दिवसभर काम काय असतं?”

जखम कशाने झाली, किती खोल, हे सगळं नंतर. बडोद्यात, वाडी भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना होता, तिथले गुजराती कंपाउंडरकाका आधी हे विचारायचे. तुम्ही कधी बोट कापून तिथे गेला असाल तर तुम्हालाही विचारलं असेल. सोनाराच्या बोटाला ते शेंडा मोकळा ठेवून पातळ पट्टी बांधत. भांडी घासणाऱ्या बाईंच्या पट्टीवर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट चढवून देत. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, मांज्याने बोटं चिरलेले पतंगबाज रांगेने येत. त्यांना मात्र मुद्दाम एवढं जाडजूड बोचकं बांधत, की फिरकी धरताच येऊ नये. “बस, आता नुसतं वर बघायचं, भाई!”

जखमेवर थेट कापूस चिकटवून कोणी आलं की ते डोक्याला हात लावत. “आता हा निघताना नवी कातडी घेऊन निघेल!” मग सलाईनने भिजवून, गप्पा मारत, तंतू न् तंतू सोडवत बसत. एवढा वेळ आता कोणाकडे असतो?

सिलिंडर पडून आईच्या उजव्या पायाचा अंगठा ठेचला. तिला मधुमेह. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “काळा पडला तर कापावा लागेल.” काका रोज सकाळी घरी येऊ लागले. औषधाची जाळी, वर गॉझ, दोन बोटांमध्ये जरासा कापूस, आणि पट्टी सैलसर. “बांधायची, वहिनी. आवळायची नाही.”

जखम निम्मी भरली आणि काकांचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला. एकट्या म्हाताऱ्या माणसाला इथे किती दिवस ठेवायचं, हे त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. मी मात्र त्याच्यावर अजून रागावलेली आहे.

पट्टी माझ्याकडे आली. सुटू नये म्हणून मी ती चांगली घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगठा जांभळा! रडतच काकांना व्हिडिओ कॉल लावला.

“आधी पट्टी सोड. आता नख दाब. सोड. गुलाबी होतंय?”

होत होतं, अगदी सावकाश.

“हात लावून बघ. गार आहे?”

“नाही काका, ऊन आहे.”

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “मला इथून काही कळत नाही, दीकरा. हात पोचत नाही.”

मग दर रविवारी संध्याकाळी ते फोन करू लागले. पाच मिनिटं अंगठा, अर्धा तास बडोदं. मांडवीला गर्दी आहे का, दवाखान्यात आता पट्ट्या कोण बांधतं. “इथे कोणाला ठेचसुद्धा लागत नाही. सगळे दिवसभर मोज्यात!”

दोन महिन्यांनी अंगठा पूर्ण बरा झाला. मी काकांना सांगणार, तोच आईने माझा हात धरला. “नको सांगूस. मग ते फोन कशाला करतील?”

तेव्हापासून दर रविवारी आम्ही बऱ्या अंगठ्याला पट्टी बांधून बसतो. मला काकांची इतकी आठवण येते, की या खोटेपणाची लाजही वाटत नाही.

गेल्या रविवारी फोन जरा लवकर वाजला. धांदलीत मी पट्टी गुंडाळली, आईने पाय पुढे केला. काका बराच वेळ बघत राहिले. मीही बघितलं. पट्टी डाव्या पायाला होती.

काकांनी चष्मा नीट केला.

“अजून महिनाभर तरी लागेल, वहिनी,” ते म्हणाले. “सोडू नका.”