बापाला ऐकवलेला उतारा

त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि आमची जिनिंग प्रेस ऐन हंगामात बंद राहिली. मी तिथे हिशेब लिहायचो. घरी रिकामा बसण्यापेक्षा बरं म्हणून दारव्ह्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये भाषांतराचं काम चाललं होतं, त्यात लिहिणारा म्हणून जाऊ लागलो. नवा करार गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आणायचा होता. ती बोली मला ऐकून समजते, बोलता येत नाही. भाषांतर तपासताना ते ऐकणारे जे सांगतील ते मराठीत जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच माझं काम.

भाषांतर करणारे गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पन्नाशीला आलेले, तांड्यावरचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असावीत. तो घेतल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी डोक्यावरचे केस उतरवले आणि मुलाचा दहावा केला, तांड्याला जेवण घातलं. तांड्याची तशी रीत नाही. मी दोन-तीन जाणत्या माणसांना मुद्दाम विचारलं आहे. म्हाताऱ्याने ते स्वतःच ठरवलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. गुरुजी दारव्ह्याला भाड्याच्या खोलीत राहायचे.

काम तपासायला पुण्याहून एक बाई यायच्या. हिब्रू आणि ग्रीक दोन्ही शिकलेल्या, हुशार, आणि चूक दिसली की कोणाचीही गय न करणाऱ्या. त्या खेपेला उतारा होता तो धाकट्या मुलाचा. बापाकडून वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो आणि परत येतो, बाप जेवण घालतो आणि वावरात राबणारा थोरला रागावतो, ती गोष्ट. त्यावर दोन दिवस वाद झाला.

पहिला वाद बाप धावला यावर. आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "म्हातारा माणूस रस्त्यानं धोतर धरून पळतो, हे कसं दिसते? लोक हासतील. 'लगबगीनं गेला' म्हणा."

"ग्रीकमध्ये धावला आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हाचेही लोक हसले असतील. धावला."

दुसरा वाद वासरावर. बापाने आनंदाने पोसलेलं वासरू कापलं, असं मुळात आहे. गुरुजी म्हणाले, तांड्यावर हे वाचलं तर पुढचं कोणी ऐकणार नाही, बोकड करा. पोरगा घरी आल्यावर बोकडच कापतात. त्यांनी एवढा जोर लावलेला मी आधी पाहिला नव्हता. एरवी ते दोन शब्द बोलून गप्प होत.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या वडिलांना आवडणार नाही म्हणून वासराचा बोकड होत नाही."

त्या सहज म्हणाल्या. त्यांना घरचं काही माहीत नव्हतं. पाळक छताकडे बघत राहिले. वासरू राहिलं.

तिसरा वाद शेवटच्या वाक्याचा. हा माझा मुलगा मेला होता, असं बाप म्हणतो. पाळकांना 'मेल्यासारखा' हवं होतं. तिथे मात्र गुरुजी हटले नाहीत. मुळात काय आहे, एवढंच विचारत राहिले. मुळात 'मेला' होतं.

मग तपासणी. तिचा नियम असा, की मजकूर कधीच न ऐकलेली माणसं आणायची, त्यांना तो वाचून दाखवायचा आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावायचा. ऐकणारा नात्यातला नको. भाषांतर करणाऱ्याने समोर बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. ऐकणाऱ्याला कापूस वेचणीइतकी रोजी मिळे. इतर सालांत ऐन वेचणीत माणूस मिळत नसे. त्या साली वेचायलाच काही नव्हतं.

गुरुजींनी जीपने तिघांना आणलं, एक जोडपं आणि एक म्हातारा. चहा होत होता तेव्हा त्यातली बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तरचा बाप होय तो. तांड्याच्या नायकानं सांगतलं का रोजी भेटते, म्हून आला. जीपीत मास्तरकडं पाहेलबी नाई."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते कप विसळत होते. नियम त्यांनी मोडला होता आणि तो का मोडला ते मला तिथंच कळलं. दुसऱ्या कुठल्या वाटेने त्यांना बापाला ही गोष्ट ऐकवता येणार नव्हती.

पुण्याच्या बाईंनी गुरुजींकडे हात करून तिघांना विचारलं, "यांच्याशी कोणाचं काही नातं?"

"नाई," म्हातारा सर्वांच्या आधी म्हणाला.

मी लिहिलं. वाचायला दुसरा माणूस ठेवायचा प्रघात होता, पण तो आला नव्हता, म्हणून गुरुजींनीच वाचलं. आवाज चांगला होता. मध्ये कुठे अडखळले नाहीत. म्हातारा मांडी घालून, फेटा मांडीवर ठेवून ऐकत होता.

आधी जोडप्याने सांगितलं. बाप धावला तिथे बायको पदर तोंडाला लावून हसली. "पळाला म्हणते म्हातारा. ढोर सुटलं व्हय काय?" तिच्या नवऱ्याने वासराचं नावच घेतलं नाही. विचारल्यावर म्हणाला, "ते मी ऐकलं नाई."

मग म्हातारा. मी बसलो त्या तपासण्यांत इतकं नेमकं सांगणारा दुसरा पाहिला नाही. वाटणी, डुकरं राखणं, भूक, परतीची वाट, बापाचं धावणं, वासरूसुद्धा. एक गोष्ट मागेपुढे नाही.

"मोठा भाऊ काहून रागावला?" बाईंनी विचारलं. दारव्ह्याला येऊन त्या 'काहून' शिकल्या होत्या.

"बराबरच रागावला. वावर कोनं पाह्यलं इतके दिवस? त्यानं पाह्यलं."

"आणि बाप म्हणतो, माझा मुलगा मेला होता. म्हणजे काय?"

"मेला म्हंजे मेला. बापानं केस काढले, दिवस केला, लोकाईले जेवू घातलं. झालं."

"पण तो परत आला ना?"

"गोष्टीत येत असन," म्हातारा म्हणाला. "लिवनाऱ्याचं लिवनं हाय ते. दिवस केल्यावर कोनी येत नाई."

"तुमचा मुलगा असता तर?"

"मले एकच पोरगा हाय, बाई. तो वावरात हाय."

गुरुजी समोर बसले होते, तीन-चार हातांवर. नियमाप्रमाणे हलले नाहीत. पाळक उठून बाहेर गेले.

बाई खूष होत्या. मजकूर स्वच्छ कळतो, म्हणाल्या, फक्त 'मेला' हा शब्द ऐकणाऱ्याने अक्षरशः घेतला, तो बदलून 'मेल्यासारखा' करावा. आता गुरुजींना बोलायची मोकळीक होती. ते म्हणाले, "करा." मूळ काय आहे ते विचारलं नाही. स्वतःच्या हाताने खोडून नवा शब्द लिहिला.

निघताना म्हाताऱ्याने हात जोडले. "चांगलं वाचता तुमी, गुर्जी." बापाने पोटच्या पोराला 'तुमी' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"असा ऐकणारा मिळत नाही," बाई गुरुजींना म्हणाल्या. "पुढच्या वेळी यांनाच आणा."

त्यानंतर त्याच हंगामात तो आणखी दोनदा आला. पाळकांनी गुरुजींची समजूत घातली, की येतो तरी, कानावर वचन पडतं, देव त्यातून काही करील. गुरुजी म्हणाले, "रोजीसाठी येतात ते. कापूस झाला की येणार नाहीत."

पुढच्या साली अळी कमी पडली. दिवाळीनंतर प्रेस सुरू झाली आणि मी कामावर गेलो. तांड्याकडचा कापूस भरून गाड्या यायला लागल्या. गुरुजी एका रविवारी तपासणीला माणसं आणायला जीपने तांड्यावर जाऊन आले. म्हातारा वेचणीला गेला होता, वावरातून त्याने निरोप पाठवला की गुर्जीले सांगा, सध्या फुरसत नाई.