कुंतामावशीचा नवस

कुरखेड्याजवळच्या त्या गावात ख्रिस्ती मंडळीची घरं मोजकीच. पाळक होते, पण चर्चची खरी मालकीण कुंतामावशी, हे पाळकसुद्धा हसत कबूल करायचे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बहीण बाळंतपणात गेली तेव्हा तिची तान्ही जया मावशीनं पदरात घेतली, आणि पुढं जन्मभर दोनच कामं केली: जयाला वाढवलं, चर्च सांभाळलं. शनिवारी सारवण तिचं, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी शिंदीची पानं तोडून आणणं तिचं, कोणाकडे मयत झाली की चहाची चूलही तिचीच. उपदेश लांबला की पुढच्या रांगेतून अशी खोकायची, की पाळक घाईघाईनं प्रार्थनेवर यायचे.

जयाही तिच्यासोबत राबली. एकदाच तिचं मन दुसरीकडे गेलं. नाताळच्या गाण्यांना ढोलक वाजवणारा अमर तिला आवडायचा. त्यालाही ती आवडते असं तिला वाटायचं. मग अचानक त्यानं बोलणं टाकलं आणि वर्षाच्या आत गडचिरोलीकडची बायको करून आणली. जया रडरड रडली. मावशीनं तिच्या डोक्यावर तेल थापलं.

"जाऊ दे बाई, प्रभूची इच्छा."

जयानं मानलं, आणि पुढं तिला मागायला कोणी आलंच नाही; ती बिनलग्नाचीच राहिली. मावशीवर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?

यंदा मावशी गेली, ऐंशी ओलांडून, झोपेतच. स्मरणाच्या उपासनेत रीतीप्रमाणं एकेक जण उठून साक्ष देऊ लागला. कोणाला तिनं तापात पेज पाजलेली, कोणाचं भांडण मिटवलेलं. जया अभिमानानं डोळे पुसत होती. मग अमर उठला. आता त्याचे केस पांढरे झाले होते.

"मावशीचा विश्वास म्या पाह्यला. जया लहानपणी मलेरियानं मरून राह्यली होती, तवा मावशीनं नवस केला. शमुवेलाच्या मायनं लेकरू देवाले वाह्यलं, तसं हे पोरगी जगली तर देवाले देईन म्हणे. म्या जयाले मागायले गेलो, तर मावशी म्हणे, बाबू, ते देवाची हाय, तिले विचारू बी नको. म्या नाई विचारलं. मावशीनं शब्द पाळला!"

"आमेन," मंडळी म्हणाली. एकही चेहरा चकित झाला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. जिला वाहिलं होतं, तेवढी एक सोडून.

जयाचं रडू जागच्या जागी थांबलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीनं वर डोक्याला तेल चोळलं होतं. तीन पिढ्यांमागं देव बदलला, पण नवसाची खोड काही सुटली नाही. बकऱ्याला कधी कोणी विचारलंय? मावशीची माया खोटी असती तर बरं झालं असतं, जया थुंकून मोकळी झाली असती. ती खरी होती, याचाच तिला जास्त संताप आला.

पाळक उठले. "मावशींची जागा कोण घेणार, हा प्रश्नच नाही. पुढच्या रविवारपासून सगळं जयाबाई पाहतील." टाळ्या झाल्या. "जयाबाई, आता तुमची साक्ष."

जया उभी राहिली.

"मावशीनं मले विचारलं नाई. अमर, तुनं बी विचारलं नाई." तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "आता तुमी तरी विचारा."

पाळकांनी गाण्याचं पुस्तक उघडलं, आणि मंडळी उभी राहून गाऊ लागली.